तरंगनाथ महाराजांचे चाळीस सेकंद

शनिवारी संध्याकाळी गाझियाबादच्या सह्याद्री सोसायटीच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नसे. चपलांचा ढीग दारापासून जिन्यापर्यंत पसरलेला असे. सोसायटी मराठी माणसांची. निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या केंद्रीय मंत्रालयातून निवृत्त झालेले, उरलेले निवृत्तीच्या वाटेवर. पण आता दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावरून, कँटोन्मेंटमधून, थेट गुडगावहूनही गाड्या यायला लागल्या होत्या. इथे तरंगनाथ महाराज गेलेल्या माणसाला बोलावतात आणि तो येतो, अशी बातमी सगळीकडे झाली होती.

हॉलच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता. त्यावर महाराजांच्या मठातली आरती थेट दिसायची. टीव्हीखाली टेबलावर हार घातलेला एक फोटो. फोटोतला मुलगा पस्तिशीच्या आतला, हसरा, चष्मा किंचित वाकडा. तो सुधन्वा. टेबलाच्या उजव्या हाताला त्याची आई, सुमित्राबाई, पांढऱ्या साडीत बसलेली. महाराज मध्यभागी. भगवी शाल, खाली जीन्स, कानाला लावलेला माइक.

"विज्ञान काय सांगतं?" महाराज विचारत. "सगळं विश्व तरंग आहे. वायफाय काय आहे? तरंग. आत्मा काय आहे? तोही तरंगच. मग तरंगाला तरंगावरून यायला कोण अडवणार? मी फक्त पासवर्ड सांगतो."

माना डोलत. आयुष्यभर नियमावर बोट ठेवून फायली परत पाठवलेली माणसं हे ऐकून डोळे पुसत.

मग मुख्य भाग. महाराज दोन साक्षीदार मागत. ते दोघे, महाराजांचा शिष्य इंद्रजितबरोबर, ए ब्लॉकच्या मीटर रूममध्ये जात. हॉलला इंटरनेट पुरवणारं यंत्र, म्हणजे राउटर, तिथे होतं. ते सुधन्वानेच बसवलेलं. इंद्रजित त्याचा प्लग सर्वांदेखत काढी आणि साक्षीदार हॉलमध्ये फोन करून सांगत, "दिवे विझले. यंत्र बंद आहे." इकडे आरतीचं चित्र थिजे. पडद्यावर एक गोल चक्कर फिरत राही. महाराज हात वर करून म्हणत, "यंत्राचा मार्ग तोडला. आता आत्म्याचा मार्ग उघडेल. माई, हाक मारा."

सुमित्राबाई हाक मारत. "सुधन्वा."

महाराज मंत्र म्हणत, लोक मागून म्हणत. मंत्र संपता संपता चित्र हलायला लागे. आरतीची ताटं, घंटेचा आवाज, सगळं परत. तिकडून साक्षीदार फोनवर ओरडत की यंत्र अजून बंदच आहे. हॉलमध्ये हुंदके फुटत. आणि सुमित्राबाईंच्या चेहऱ्यावर असं काही उजळे की ते बघणाऱ्यांना नजर दुसरीकडे वळवावी लागे.

सुधन्वा गेला त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जानेवारीतलं धुकं. पानिपतच्या एका कापड गिरणीत नेटवर्क बसवून तो गाडीने परत येत होता. हायवेवर एक ट्रक दिवे न लावता उभा होता. त्याच्या बायकोला, केतकीला, फोन आला तेव्हा ती नोएडाच्या ऑफिसात होती. दोघांचं काम एकच, मोठ्या कंपन्यांची नेटवर्क उभी करण्याचं. ओळखही त्याच कामात झालेली. त्या दिवसानंतर तिने काम सोडलं नाही, कारण घरी बसणं त्याहून कठीण होतं.

सुमित्राबाईंनी मात्र अन्नच सोडलं. चहात बुडवलेलं बिस्कीट, एखादं केळं, बस. सासरे श्रीरंगराव जेवणाचं ताट घेऊन त्यांच्या खोलीबाहेर उभे राहत आणि तसंच परत नेत. उन्हाळ्यात शेजारच्या कुणीतरी तरंगनाथांना आणलं. पहिल्या शनिवारनंतर सुमित्राबाई घरी येऊन पोळी-भाजी जेवल्या. श्रीरंगरावांचा देवाधर्मावरही फारसा विश्वास नव्हता, पण त्या रात्री ते केतकीला एवढंच म्हणाले, "जेवली ती. राहू दे."

केतकीने राहू दिलं. ती एकदाही हॉलमध्ये गेली नाही. नवऱ्याच्या फोटोपुढे माइक लावून कुणी बोलतंय, हे तिला पाहवणार नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला श्रीरंगरावांच्या लक्षात आलं की बायको डाव्या बाजूच्या दाराला धडकते. चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवते. सुमित्राबाईंना काचबिंदू होता, बऱ्याच वर्षांपासून. डोळ्यांत रोज थेंब घालायचे, एवढं केलं की दृष्टी टिकत होती. केतकी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर देविका मॅडमनी डोळ्यांचा दाब पाहिला आणि विचारलं, थेंब कधीपासून बंद आहेत?

सुमित्राबाई शांतपणे म्हणाल्या, "महाराज म्हणाले, रसायनाने तरंग अडतात. सुधन्वाला माझ्यापर्यंत यायला त्रास होतो."

डावा डोळा गेला होता. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, हे डॉक्टरांनी हळू आवाजात, पण स्पष्ट सांगितलं. उजवा वाचेल, थेंब आजपासून सुरू केले तर. परतीच्या वाटेवर गाडीत सुमित्राबाई म्हणाल्या की त्या थेंब घालणार नाहीत. एका डोळ्याने मुलगा येत असेल तर दुसराही देईन, म्हणाल्या. केतकीने गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ तशीच उभी ठेवली.

त्या शनिवारी ती पहिल्यांदा हॉलमध्ये गेली आणि मागच्या रांगेत बसली. चित्र थिजलं, चक्कर फिरायला लागलं, तशी सवयीने तिची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. नेटवर्कवाल्या माणसाचं हे असंच असतं. काही बंद पडलं की पहिल्यांदा वेळ बघायची. चित्र परत आलं तेव्हा काटा बरोबर चाळीस सेकंद पुढे सरकला होता. पुढच्या शनिवारीही तेच. दुसऱ्या वेळी महाराजांना ठसका लागला, मंत्र अर्ध्यावर राहिला, तरी चित्र आलं. लोकांनी ते पाहिलं नाही. केतकीने पाहिलं.

चाळीस सेकंद हा आकडा तिला तळहातावरच्या रेषेसारखा पाठ होता.

सोमवारी कामावरून लवकर येऊन तिने हॉलच्या कोपऱ्यातलं कपाट उघडलं. आत सुधन्वाने बसवलेला हॉलचा राउटर होता. त्यातून दोन तारा निघत होत्या. एक ए ब्लॉककडे जाणारी, ती सगळ्यांना माहीत होती. दुसरी बी ब्लॉककडे. बी ब्लॉकचं इंटरनेट वेगळ्या कंपनीचं होतं, आणि ते हॉललाही जोडलेलं आहे हे सोसायटीत कुणाला ठाऊकच नव्हतं. सुधन्वाने एका रविवारी एकट्याने बसून हे केलं होतं आणि फक्त केतकीला ओझरतं सांगितलं होतं. केतकीने लॅपटॉप लावला. पासवर्ड तिला अंदाजाने सापडला. त्याचे पासवर्ड नेहमी तिच्याच गावावरून असत. ती आत गेली आणि त्याने लिहिलेल्या ओळी वाचत राहिली. कुठे काय वळवायचं, कुठला रस्ता आधी, कुठला नंतर. किती नीटनेटकं काम करायचा तो. तिला वाटलं, याच्या हाताचं एवढंच उरलंय, आणि तेही या माणसाने बाजारात मांडलं.

घरी तिने सासूला समजावून पाहिलं. सुमित्राबाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "प्लग काढतात हे महाराज लपवत नाहीत. दुसरी तार आहे म्हणतेस. असेल. पण मी हाक मारली की येतो ना तो? मारली नाही तर येतो का?"

या प्रश्नाला बोलून उत्तर देता येणार नव्हतं. ते करून दाखवायला हवं होतं.

दुसरी तार उपटणं सोपं होतं. पण मग चित्र आलंच नसतं, आणि महाराज म्हणाले असते की सुनेने मुलाची वाट अडवली. केतकीने विचार केला: चित्र यायला हवं. फक्त हाकेवर नको. दुसऱ्या रस्त्याकडे वळण्याआधी राउटर किती वाट पाहतो, तो आकडा तिने हॉलच्या राउटरवर बदलला. चाळीस सेकंदांचे दोनशे चाळीस केले, म्हणजे चार मिनिटं. हा आकडा दोन्ही टोकांना सारखा नसेल तर यंत्रं एकमेकांना ओळखतच नाहीत, म्हणून ए ब्लॉकच्या राउटरवरही तोच घातला आणि दोन्हीकडे जतन केला. मग श्रीरंगरावांना सांगितलं. ते म्हणाले, "तिला फार लागेल."

"डोळा जाईल, बाबा."

"माहीत आहे. कर तू."

शनिवारी हॉल नेहमीसारखा भरला. साक्षीदार गेले, प्लग निघाला, चित्र थिजलं. सुमित्राबाईंनी हाक मारली. महाराजांचा मंत्र सुरू झाला आणि नेहमीच्या ठिकाणी संपला. चक्कर फिरतच होतं.

महाराज हसले. आज सुधन्वा लाडात आलाय, म्हणाले, आणि मंत्र पुन्हा घेतला, या वेळी संथ. चक्कर फिरत होतं. तिसऱ्यांदा घेताना त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. त्यांनी हळूच इंद्रजितला फोन लावला, माइक चालूच राहिला होता, आणि सगळ्या हॉलने ऐकलं: "अबे, प्लग लगा दे." पण इंद्रजितच्या दोन्ही बाजूंना साक्षीदार उभे होते, आणि त्या दिवशी तिसरे श्रीरंगराव.

महाराज मग उठून सांगायला लागले की इथे कुणाच्या तरी मनात विकल्प आहे, अशुद्ध तरंग आहेत, त्यामुळे आत्मा दारात अडलाय. पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघायला लागले.

तेवढ्यात सुमित्राबाई उठल्या. कुणी सांगितलं नव्हतं. चाचपडत टीव्हीपाशी गेल्या आणि दोन्ही तळवे पडद्यावर ठेवले.

"सुधन्वा," त्या म्हणाल्या. "अरे, मी बोलावतेय. राजा, ये ना. रागावलास का?" मग अगदी लहान मुलाशी बोलावं तसं, "एकदाच ये. मग नाही बोलावणार."

केतकीने हा हिशेब केला नव्हता. आकडा बदलताना तिच्या डोळ्यांसमोर महाराज होते, मंत्र होता, घड्याळ होतं. ही म्हातारी पडद्याला हात लावून उभी राहील आणि मुलाला अशा हाका मारत राहील, हे तिच्या मनात आलं नव्हतं. तिला धावत जाऊन त्यांना मिठीत घ्यावंसं वाटलं. ती जागची हलली नाही. हलली असती तर त्या चार मिनिटांना अर्थ उरला नसता.

शेवटी सुमित्राबाईंचा आवाज बसला. त्या परत खुर्चीत येऊन बसल्या. हॉलमध्ये कुणी खोकलंही नाही. महाराजांनी ती शांतता साधली आणि मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. "ती बघा, त्याची बायको. नवरा गेला तरी कपाळावर टिकली आहे. अशा घरात आत्मा..."

टीव्हीतून घंटा ऐकू आली. टीव्हीवर चित्र हलायला लागलं. आरती केव्हाच संपली होती. मठातला एक सेवेकरी प्रसादाचे द्रोण वाटत होता.

महाराजांचं बोट तसंच हवेत राहिलं. मंत्र कुणी म्हणत नव्हतं. हाक कुणी मारत नव्हतं.

केतकी उठून पुढे आली. तिला भाषण करता येत नसे, आणि तिने केलंही नाही. तिने सांगितलं की हॉलच्या या राउटरला दोन शेजारी आहेत, एक ए ब्लॉकचा, एक बी ब्लॉकचा. हे राउटर दर दहा सेकंदांनी एकमेकांना एक छोटा निरोप पाठवतात. त्याला हॅलोच म्हणतात. शेजाऱ्याचा हॅलो चाळीस सेकंद आला नाही, की राउटर समजतो तो बंद पडला, आणि आपणहून दुसऱ्या रस्त्याने जायला लागतो. ते चाळीस सेकंद कारखान्यातून ठरून आलेले असतात. महाराजांनी मंत्र तेवढा बेतून घेतला. इंद्रजित आधी इंटरनेट कंपनीत तारा जोडायचा, त्याला हे माहीत होतं, आणि कपाटातली दुसरी तारही त्यानेच हेरली असणार. आज तिने चाळीसचे दोनशे चाळीस केले होते, बाकी काही नाही.

"पुन्हा करू," ती म्हणाली. "या वेळी कुणी काही म्हणू नका. फक्त घड्याळ बघा."

प्लग परत लावून घेऊन तिने दोन्हीकडचा आकडा पूर्वीसारखा केला. थोडं थांबून प्लग पुन्हा काढायला लावला. शंभर-सव्वाशे माणसं मनगटाकडे आणि मोबाइलकडे बघत गप्प बसली. चाळीस सेकंदांनी चित्र आलं. मग तिने कपाटातली दुसरी तारही काढली. आता कितीही बोलवा, म्हणाली. महाराजांना तिने हाताने जागा करून दिली. महाराजांनी मंत्र म्हटला नाही. शाल सावरत, हा श्रद्धेचा अपमान आहे, असं काहीसं पुटपुटत ते बाजूच्या दाराने निघून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. ज्यांनी महिनोन्महिने अश्रू ढाळले होते, त्यांना आता आपल्याच चपला शोधायची घाई झाली होती.

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जाता जाता विचारलं, "म्हणजे सुधन्वाचा यात काहीच हात नव्हता?"

"होता," केतकी म्हणाली. "सगळं त्याचंच काम आहे, काका. पण ते त्याने जिवंतपणी केलं."

घरी आल्यावर सुमित्राबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"मी हाका मारत होते. तुला माहीत होतं, तो यायचा नाही."

"हो, आई."

"आणि तू बसून राहिलीस."

श्रीरंगराव मध्ये काही बोलायला गेले, तर सुमित्राबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. "तो एकदा धुक्यात गेला," त्या म्हणाल्या. "आज तू नेलास."

त्यानंतर बरेच आठवडे त्या केतकीशी बोलल्या नाहीत. श्रीरंगराव रोज सकाळ-संध्याकाळ थेंबांची बाटली घेऊन पलंगाशी जात. पहिले काही दिवस त्या डोळे घट्ट मिटून घेत. मग एका सकाळी त्यांनी डोळा उघडा ठेवला. महाराजांवरचा विश्वास उडाला होता की फक्त भांडायचं त्राण संपलं होतं, हे श्रीरंगरावांना कळलं नाही. त्यांनी थेंब घातले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

थंडी संपता संपता, एका दुपारी केतकी कपडे वाळत घालत होती. सुमित्राबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ती दुसरी तार," त्या म्हणाल्या. "ती त्याने कशासाठी घातली होती?"

केतकीने हातातला टॉवेल खाली ठेवला. सांगितलं की ए ब्लॉकचं इंटरनेट सारखं पडायचं. मंगळवारी हॉलमध्ये सगळ्या ज्येष्ठांचे मुला-नातवंडांशी व्हिडिओ कॉल चालायचे, ते मध्येच तुटायचे. "तुमचा रत्नागिरीच्या मावशींशी चाललेला कॉल तुटला होता. मावशी तेव्हा आजारी होत्या. तुम्ही त्याला म्हणालात, एवढा मोठा इंजिनिअर, आणि आईचा फोन धड लागत नाही. त्या रविवारी तो दिवसभर हॉलमध्ये होता."

"मला बोलला नाही."

"त्याला वाटलं, तुमचा फोन तुटायचा थांबला की तुम्हाला कळेल."

सुमित्राबाई तिथेच स्टुलावर बसल्या आणि रडल्या. हॉलमध्ये रडत तशा नाही. मोठ्याने, तोंड वाकडं करून, नाक वाहेपर्यंत. मुलगा गेल्यापासून त्या अशा रडल्या नव्हत्या; गेलेल्यासाठी असं रडायचं, आणि महाराजांच्या हिशेबाने तो गेलेलाच नव्हता. केतकी शेजारी जमिनीवर बसली. थोड्या वेळाने सुमित्राबाईंचा हात तिच्या डोक्यावर आला, चुकून आल्यासारखा, आणि तिथे राहिला.

तरंगनाथांचं काही वाईट झालं नाही. सोसायटीने तक्रार करायचं ठरवलं, पण सही करायला कुणी पुढे येईना. फसलो हे लिहून द्यायची लाज वाटत होती. दोन महिन्यांत बातमी आली की त्यांचे सत्संग आता कँटोन्मेंटजवळ एका मंगल कार्यालयात भरतात. टीव्ही सोडलाय, आता मोबाइलवर गेलेल्या माणसाची रिंग वाजते म्हणे.

मार्चमध्ये तिथूनच एक बाई आली. अहिल्या नावाची, साताऱ्याकडची, नवरा फौजेत सुभेदार. तिची बारा वर्षांची तनया डेंग्यूने गेली होती. महाराजांनी तिला रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या आणि कुणीतरी तिला म्हणालं होतं, आधी गाझियाबादच्या त्या बाईंना विचार. ती सोफ्याच्या कडेवर बसली, पर्स घट्ट धरून.

"काकू, खरं असतं का हो ते?"

केतकी स्वयंपाकघरातून बाहेर येऊ लागली. राउटर, मंत्र, घड्याळ, सगळं समजावून सांगायची तिची तयारी होती. सुमित्राबाईंनी तिला थांबवलं.

"नाही, बाई," त्या म्हणाल्या. "खरं नसतं. तुझी तनया गेली. माझा सुधन्वा गेला. मंत्राने नाही येत ती, तरंगाने नाही येत, आपण डोळा दिला तरी नाही येत. मी देऊन बघितला. आपल्याला ते ऐकायचं असतं, म्हणून तो बोलतो. म्हणून तो बोलला की आधी विचारायचं, कसं होतं हे? मला दाखव. मला हात लावून बघू दे. पुन्हा करून दाखव, तू नसताना करून दाखव. हे विचारलं म्हणून लेकरावरची माया कमी होत नाही. मला कुणी तसं सांगितलं नाही. आणि सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही. आज घरी जाऊन पहिल्यांदा गोळी घे. तुझं दुसरं लेकरू आहे ना घरी?"

अहिल्याने मान हलवली. मग ती खाली वाकली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. सुमित्राबाईंनी आपली खुर्ची थोडी फिरवली, उजव्या डोळ्याला तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून, आणि तिला रडू दिलं.